हेडलाईटला लेव्हलिंग मोटर बसवताना: सगळा हिशेब एका मिलिमीटरचा

प्रश्न गेवराई तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. त्यांच्याकडे पिकअप आहे, कंपनीचं सगळ्यात खालचं मॉडेल. मोसंबीचे क्रेट भरून ते रात्री संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केटला जातात. गाडी रिकामी असली की लाईट ठीक असतो, भरली की "समोरचे सगळे डिपर मारायलेत". त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं, ते फिरवलं की हेडलाईट खाली-वर होतो. तशी मोटर आपल्या गाडीला बसेल का, आणि तालुक्याचा वायरमन ते काम करू शकेल का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, मी जालन्यात २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. मोटर बसते, पण हेडलाईटच्या आतला रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बचा उजेड पुढे फेकणारा चमकता भाग, हलण्याची सोय असेल तरच. वायरिंग हा यातला सोपा भाग आहे, तालुक्याचा कुठलाही चांगला वायरमन दोन तासांत करेल. खरी कसोटी लाईटच्या पाठीमागच्या एका मिलिमीटरची आहे. म्हणून आधी हिशेब सांगतो, मग काम.

तुमच्या पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर धरू. रिकाम्या गाडीला मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, पुढेही घ्या. क्रेट भरल्यावर पुन्हा घ्या. समजा मागून गाडी ७ सेंटिमीटर बसली आणि पुढून १. फरक ६ सेंटिमीटरचा. ३०० सेंटिमीटरला ६ म्हणजे २ टक्के. तेवढं गाडीचं नाक वर झालं आणि लाईटही तेवढाच वर झाला.

डिपरचा, म्हणजे खालच्या लाईटचा, फोकस कंपनीतून साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. दिवा जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर असेल तर फोकसची वरची कड ७५ मीटरवर रस्त्याला टेकते. भरल्यावर खाली १ टक्क्याचा वर १ टक्का झाला. आता ५० मीटरवर तीच कड जमिनीपासून सव्वा मीटरवर आहे. कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे ११० ते १२० सेंटिमीटरच्या आसपास असतात. म्हणजे तुम्ही डिपरवर असताना समोरच्याला अप्परच दिसतोय. तो चिडून डिपर मारत नाही भाऊ, त्याला खरंच काही दिसत नाही.

आपल्या भागात हे फार जपायला पाहिजे. महामार्गावर मधे दुभाजक आहे, पण तुमच्या गावापासून महामार्गापर्यंतचा रस्ता एकपदरी आहे, आणि दिवाळीनंतर त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात. काही वर्षांपूर्वी मी माजलगावकडून रात्री येत होतो. समोरून माल भरलेली जीप आली, तिचा लाईट थेट डोळ्यांत. मी वेग कमी केला, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवली. जीप गेली आणि पुढचे दोन-तीन सेकंद नुसता काळोख. त्या काळोखात आधी हिरवट असे चार ठिपके चमकले, मग शिंगं दिसली. उसाची गाडी होती, रिफ्लेक्टर एकही नव्हता, आणि जू माझ्या बॉनेटपासून फार तर दहा-बारा फुटांवर होतं. गाडीवान उसावर अंगाची मोळी करून झोपलेला. ६०च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. मी ३०वर होतो म्हणून ते बैल आणि तो माणूस वाचला. तेव्हापासून माझ्याकडे कुठल्याही कामाला गाडी आली तरी जाताना तिचा फोकस भिंतीवर बघूनच सोडतो.

आता मोटरकडे येऊ. बॉनेट उघडा आणि हेडलाईटच्या पाठीकडे बघा. बल्बच्या रबरी टोपणाच्या खाली किंवा बाजूला दोन ठिकाणी पांढरे दातेरी स्क्रू असतात. एकाने फोकस डावा-उजवा होतो, दुसऱ्याने वर-खाली. वर-खाली करणारा स्क्रू आत जाऊन एका छोट्या गोळीत संपतो आणि ती गोळी रिफ्लेक्टरच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या वाटीत अडकलेली असते. लेव्हलिंगची मोटर म्हणजे हीच गोळी पुढे-मागे करणारी डबी. कंपनी वरच्या आणि खालच्या मॉडेलला पुष्कळदा एकाच साच्यातला हेडलाईट देते. वरच्याला त्या जागी मोटर, खालच्याला नुसता स्क्रू किंवा प्लास्टिकचं बूच. तुमच्या लाईटला त्या जागी गोल भोक आणि फिरवून अडकवायच्या खाचा दिसल्या तर काम होण्यासारखं आहे. त्या जागी सपाट प्लास्टिक असेल तर भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. वरच्या मॉडेलचा अख्खा हेडलाईट घ्या. दोन पैसे जास्त जातील, पण बोल्टची भोकं जिथल्या तिथे येतात.

भोक पाडून पट्टी का लावायची नाही, ते सांगतो. समजा रिफ्लेक्टर ज्या टेकूवर फिरतो तिथपासून ही गोळी १० सेंटिमीटरवर आहे. मग गोळी १ मिलिमीटर सरकली की फोकस १ टक्का सरकतो. लाईटपाशी एक मिलिमीटर, ५० मीटरवर अर्धा मीटर. तुम्हाला भरल्या गाडीला लागणारी सगळी चाल दोन-तीन मिलिमीटरची आहे. आता मोटर धरणारी पट्टी अर्धा मिलिमीटर जरी हलत असेल तर ५० मीटरवर फोकस पाव मीटर नाचतो.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. काम शिकून चार-पाच वर्षं झाली होती, हात चालत होता. अंबडकडच्या एका जीपवाल्याने अशीच मागणी केली. मी दोन एमएमची लोखंडी पट्टी एलसारखी वाकवली, भंगारातून आणलेली मोटर त्यावर बसवली, स्विच दिला. गॅरेजच्या भिंतीवर फोकस सुरेख खाली-वर व्हायचा. पंधरा दिवसांनी तो परत आला. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात खचतात, सगळीकडे लाटा पडलेल्या. त्या हादऱ्यांनी पट्टीचा बोल्ट ढिला झाला होता आणि लाईट सारखा थरथरत होता. रात्री समोरच्याला वाटायचं की हा मुद्दाम अप्पर-डिपर करतोय. मी सगळं काढून जुना स्क्रू परत लावला, पैसे परत दिले. तेव्हापासून लेव्हलिंगच्या कामात घरगुती पट्टी माझ्याकडे बंद आहे. मोटर कंपनीच्या खाचेतच बसली पाहिजे.

मोटर घेताना तीन पिनांची घ्या. काही गाड्यांना, विशेषतः प्रोजेक्टर आणि एलईडी लाईटांना, वेगळ्या जातीची मोटर येते, तिला स्वतःचा कंट्रोलर लागतो, ती साध्या स्विचवर चालत नाही. आणि ट्रक-टेम्पोची २४ व्होल्टची मोटर १२ व्होल्टच्या गाडीत नीट हलत नाही, १२ची २४वर लावली तर जळते. भंगारातून घेणार असाल तर गोळी चिमटीत धरून हलवून बघा. डबीत खुळखुळ लागली तर ती मोटर सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. स्विच आणि दोन्ही मोटरी एकाच मॉडेलच्या घ्या, हे अगदी महत्त्वाचं. एका कंपनीत सिग्नलचे व्होल्ट वाढले की फोकस खाली जातो, दुसऱ्या कंपनीत वर जातो. मिसळ केली तर स्विच ३वर नेल्यावर लाईट झाडाच्या शेंड्यावर पडेल.

गाडीला हात लावायच्या आधी मोटर टेबलावर तपासा. तीन पिनांतली एक प्लस, एक अर्थिंग, एक सिग्नल. कुठली कुठली हे ज्या गाडीचा भाग आहे तिच्या वायरिंगच्या नकाशावरून बघा, अंदाजाने जोडू नका, आतली इलेक्ट्रॉनिक चिप क्षणात जाते. बॅटरीवरून प्लस आणि अर्थिंग द्या, सिग्नलला एक किलोओहमच्या व्हॉल्युम कंट्रोलचा मधला पाय जोडा, त्याचे दोन टोकांचे पाय प्लस आणि अर्थिंगला. हळूहळू फिरवा. गोळी सावकाश, न अडखळता पुढे-मागे यायला हवी, आणि तुम्ही थांबलात की थांबायला हवी. थांबल्यावरही ती कुरकुरत, इकडे-तिकडे करत राहिली तर गोळीची जागा मोजणारा आतला पोटेन्शियोमीटर घासलेला आहे. अशी मोटर गाडीत सारखी फिरत राहते आणि महिन्याभरात गिअर खाते.

डबीच्या आत एक बारीक मोटर, वर्म गिअर, चिप, आणि गोळी कुठे आहे ते सांगणारा पोटेन्शियोमीटर असतो. चिप तुमच्या स्विचचे व्होल्ट आणि आतल्या पोटेन्शियोमीटरचे व्होल्ट ताडून बघते, दोन्ही जुळेपर्यंत मोटर फिरवते. म्हणजे सिग्नल म्हणजे प्लसच्या व्होल्टचा ठरावीक हिस्सा. इंजिन बंद असताना १२.४, चालू झाल्यावर १४. निम्मा हिस्सा कधी ६.२ असेल, कधी ७, पण निम्मा तो निम्माच, म्हणून फोकस जागचा हलत नाही. हे केव्हा खरं? स्विचचा प्लस आणि मोटरींचा प्लस एकाच वायरीतून घेतलेला असेल तेव्हा. स्विचला डॅशबोर्डमधून कुठून तरी प्लस दिला आणि मोटरींना बॅटरीवरून, तर वाटेतल्या व्होल्टच्या फरकाने फोकस सरकतो.

अर्थिंगचं तर त्याहून जास्त. नव्वद टक्के वायरमन लाईटच्या शेजारच्या बोल्टवर अर्थिंग मारतात, तिथेच बल्बचीही असते. एच४ बल्बचा, म्हणजे अप्पर-डिपर एकातच असणाऱ्या हॅलोजन बल्बचा, डिपर ५५ वॅटचा, म्हणजे साडेचार अँपिअर तिथून जातात. बोल्ट गंजलेला असला की तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट अडतो, आणि मोटरीला वाटतं की तुम्ही स्विच फिरवला. एक लाईट वर आणि एक खाली अशी तक्रार माझ्याकडे येते तेव्हा मी मोटरीला हात न लावता आधी अर्थिंगचा बोल्ट घासतो. तुमच्या कामात दोन्ही मोटरी आणि स्विच या तिघांची अर्थिंग एकत्र आणून एकाच स्वच्छ घासलेल्या जागी द्या, बल्बपासून वेगळी.

प्लस पार्किंग लाईटच्या वायरीवरून घ्या, लाईट चालू असतानाच मोटरला वीज मिळेल. हेडलाईटच्या वायरीवरून घेऊ नका, कारण काही गाड्यांत एच४च्या होल्डरला प्लस कायम असतो आणि अप्पर-डिपरचा स्विच अर्थिंग तोडतो. टेस्ट लॅम्पवर भरवसा न ठेवता मल्टिमीटरने खात्री करा. मोटर चालताना एका अँपिअरच्या आतच घेते, तेव्हा ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर पुष्कळ झाली. वाटेत ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज हवाच, म्हणजे उद्या मोटर अडकली तरी पार्किंग लाईट शाबूत राहतील. सिग्नलची एकच वायर स्विचवरून आणून दोन्ही मोटरींना समांतर द्या. इंजिनच्या उष्णतेपासून वायरी लांब, काळ्या नळीत घालून बांधा, आणि कपलर कंपनीचाच वापरा. वायर पिळून टेप गुंडाळण्याचं काम इथे टिकत नाही.

मोटर लाईटमध्ये बसवण्याचा क्षण जपून करायचा आहे. बल्ब काढा. मोटरचं तोंड भोकात घातल्यावर गोळी त्या प्लास्टिकच्या वाटीसमोर येते, पण नुसतं दाबलं तर वाटी मागे सरकते, गोळी अडकतच नाही, आणि माणूस जोर लावतो. पाच-सात वर्षांच्या गाडीत ते प्लास्टिक उन्हाने आणि बल्बच्या गरमीने बिस्किटासारखं झालेलं असतं, वाटी तुटली की अख्खा लाईट गेला. त्यापेक्षा बल्बच्या भोकातून दोन बोटं स्वच्छ सुती कापडात गुंडाळून घाला, रिफ्लेक्टरला कडेला धरून हलकेच मोटरकडे ओढा आणि त्याच वेळी मोटर आत दाबा. बारीक "टक्" असा आवाज येतो, बोटांनाही कळतो. मग मोटर फिरवून खाचेत बसवा. रिफ्लेक्टरच्या चमकत्या भागाला उघडं बोट लागू देऊ नका, तो डाग पुसायला गेलात तर मुलामाच निघतो. मोटरभोवतीची रबरी रिंग जुनी असेल तर बदला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे अजिबात भरू नका, त्याच्या वाफेने रिफ्लेक्टर आतून काळवंडतो.

आता सेटिंग, आणि हे केल्याशिवाय काम झालं असं समजू नका. मोटर चुकीचा फोकस दुरुस्त करत नाही, ती फक्त तो सरकवते. शून्य चुकलं की चारही आकडे चुकले. जिनिंगच्या गोदामाची किंवा शाळेची सपाट भिंत शोधा, समोरची जमीन सपाट हवी. सपाट आहे का ते डोळ्यांनी ठरवू नका, गवंड्याची पाण्याची नळी आणा आणि भिंतीचा पाया व गाडीची जागा तपासा. चाकांत हवा कंपनीने सांगितलेली, गाडी रिकामी, सीटवर एक माणूस, स्विच ०वर. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. गाडी दिव्यापासून मोजून १० मीटर मागे घ्या. पहिल्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेघ मारा. डिपर लावा, एका लाईटसमोर पुठ्ठा धरा, आणि दुसऱ्याच्या फोकसची सपाट वरची कड खालच्या रेघेवर आणा. हे मोटरच्या अंगावरच्या स्क्रूने करायचं, स्विचने नव्हे. आपण डावीकडून चालतो म्हणून फोकसची कड डाव्या बाजूला वर चढलेली दिसेल, ते बरोबरच आहे. सपाट भाग रेघेवर हवा. बऱ्याच गाड्यांत लाईटच्या पाठीवर किंवा बॉनेटखाली १.० टक्का, १.३ टक्का असा आकडा छापलेला असतो. असेल तर माझ्या १० सेंटिमीटरऐवजी तो आकडा धरा.

युरोपातल्या आर ४८ नियमानुसार जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या आतल्या दिव्याचा सुरुवातीचा उतार १ ते १.५ टक्के ठेवायचा आणि गाडी कशीही भरली तरी तो ०.५ ते २.५ टक्क्यांच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. आपल्याकडचं एआयएस ००८ हे मानकही त्याच धर्तीचं आहे. पुष्कळ जण घाबरून फोकस ३ टक्के खाली करून ठेवतात. मग ७५ सेंटिमीटरच्या दिव्याचा उजेड २५ मीटरवरच संपतो. ६०च्या वेगाला दीड सेकंदाचा रस्ता, तेवढ्यात ब्रेकवर पायही नीट पडत नाही.

सगळं जोडून झालं की लाईट चालू ठेवून सिग्नलची वायर मुद्दाम काढा आणि भिंतीवर बघा. काही मोटरी जागच्या जागी थांबतात, काही एका टोकाला जातात. तुमची वरच्या टोकाला जात असेल तर ती वायर दुप्पट काळजीने बांधा, कारण रस्त्यात तुटली तर सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

मोटरच्या आधी पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, मात्र बघून घ्या. जुन्या पिकअपचे पाटे बसलेले असतात, मग थोड्या मालालाही गाडी मागून टेकते. २ टक्क्यांपर्यंतचा फरक मोटर सांभाळते. तुमचा ४ टक्के निघाला तर तो पाट्यांचा किंवा जास्त मालाचा प्रश्न आहे. उलट कोणी जास्तीचा पाटा घातला असेल तर रिकाम्या गाडीचं नाक खाली जातं, तेव्हा पाट्यांचं काम झाल्यावरच शून्य लावा. आणि गाडी कायम भरूनच चालत असेल, रिकामी फक्त दिवसा परतत असेल, तर मोटरचा खर्च कशाला? भरलेल्या गाडीवर स्क्रूने फोकस लावून घ्या, काम झालं.

हॅलोजनच्या लाईटमध्ये बाजारातला एचआयडी किंवा जास्त वॅटचा एलईडी बल्ब घातलेला असेल तर तो आधी काढा. तो रिफ्लेक्टर एच४च्या तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो, दुसरा बल्ब घातला की फोकसची कडच राहत नाही, सगळीकडे उजेड सांडतो. कडच नसेल तर मोटर सरकवणार काय? नियमातही २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला आपोआप चालणारं लेव्हलिंग लागतं, त्यामागे कारण आहे. काही तरुण मुलं मोबाईलसारखा जायरो सेन्सर लावून आपोआप लेव्हलिंग करू बघतात. त्यांचं डोकं चांगलं आहे, पण कंपनीचा सेन्सर चाकाच्या आर्मवर बसलेला असतो आणि गाडी किती बसली ते मोजतो. जायरोला घाटाचा चढ आणि मागे भरलेला माल यातला फरक एकट्याने कळत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात असा लाईट भलतीकडे जाईल.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा घालतं. म्हणून त्याच मॉडेलचे, कंपनीचेच भाग घ्या, बिल जपून ठेवा, आणि गाडी वॉरंटीत असेल तर काम अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारूनच करा. पासिंगच्या वेळी हेडलाईटचा फोकस बघतात, तेव्हा नीट लावलेलं शून्य तिथेही उपयोगी पडतं.

शेवटचं काम भरलेल्या गाडीवर करायचं आहे. क्रेट नेहमीएवढे भरा, गाडी त्याच भिंतीसमोर त्याच १० मीटरवर लावा. गाडी बसल्यामुळे दिवाही सेंटिमीटरभर खाली आला असेल, म्हणून त्याची उंची नव्याने मोजून दोन्ही रेघा परत मारा. मग स्विच १, २, ३ असा फिरवत फोकसची कड पुन्हा खालच्या रेघेवर कुठल्या आकड्याला येते ते बघा. त्या आकड्यासमोर डॅशबोर्डवर पांढऱ्या पेंटचा ठिपका द्या, अर्ध्या मालासाठी दुसरा पिवळा. म्हणजे तुमच्या जागी भाऊ किंवा पोरगा रात्री गाडी घेऊन निघाला तरी त्याला फोन करून विचारावं लागणार नाही.